डावीकून, उरकुडाजी

उरकुडाजींची नजर गेली तेव्हा
गावानं ठराव वगैरे काही केला नाही.
कवडूनं फक्त आपली बंडी
निंबाखालून हलवली नाही पाच वर्षं.
चाकाला हात लागला की वळायचं,
एवढं त्या हाताला पाठ होतं म्हणून.
बेबीनंदानं पऱ्हाट्यांचा ढीग
दर साली त्याच भिंतीला लावला.
नालीवर फळी कोणी टाकली, कोणाला आठवत नाही.
फळीला अजून कडी आहे,
कोणाच्या तरी दाराची.

आणि हाका. भाकर थापता थापता, घरोघरच्या.
"डावीकून, उरकुडाजी, बकरी बसली हाये."
"थांबा बापा, पोट्टे गाडी काढून राह्यले."
"अंबाडीची भाजी केली, वाटी धाडतो."
आठपर्यंत काठी वाजली नाही
तर दोघं जण कवाड ठोकायला हजर.

गाव काही संत नाही.
हेच गाव त्यांच्या बिडीवर बोलतं, तिसऱ्या चहावर बोलतं,
सून काऊन येत नाही यावर तर चक्कीवर रोज, दळण होईस्तोवर.
पण आधीची पोरं जगली नाहीत म्हणून
मायनं यांना उरकुड्यावर टाकलं,
आणि शेजारणीनं उचलून परत दिलं,
तेही याच गावात.

मी इथली आशाताई. माझ्या रजिस्टरात रकाने असतात:
बीपी, शुगर, दिसते, दिसत नाही.
'सोबतीला कोण' इथं मी लिहिलं, मुलगा, पुण्याला.
मग खोडलं.
मग परत तेच लिहिलं, कारण गल्ली लिहायला
जागा पुरत नव्हती.

माघात शिबिराची गाडी आली.
वर्ध्याला एक डोळा, महिन्यानं दुसरा.
काळा चष्मा घालून उतरले तर पोट्टे म्हणाले, हिरो.
पुढं चष्मा निघाला,
काठी काही सुटली नाही.

एकदा मी पाहिलं.
धुळीत पडलेलं धुळीच्याच रंगाचं बटन
त्यांनी वाकून उचललं, फुंकलं, खिशात टाकलं
आणि लगेच चाचपत चाचपत
बंडीच्या चाकाला हात लावून वळले.
मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले,
"ताई, लिहू नोको.
दिसते म्हणून लिहिलं,
तं मंग मले हाक कोण मारन?"

रकाना कोरा ठेवला.

गल्ली संपते तिथं दुसरी नाली आहे.
तिच्यावर फळी नाही.
पल्याड सयत्राबाई. डोळे शाबूत, गुडघे गेलेले.
गल्लीत येत नाहीत, म्हणून हाकेत नाहीत.
महिन्यातून एकदा मी जाते, सही घेते.
नव्या डोळ्यांना तिथवर दिसलं असावं:
उंबऱ्यात बसलेली बाई,
दोरीवर तेच लुगडं, तीन दिवस.

दुसऱ्या सकाळी गल्ली संपली तरी काठी वाजत राहिली.
कवडू ओरडला, "उरकुडाजी, पुढं नाली हाये! फळी नाही तिथी!"
थांबले नाहीत.
साऱ्या गल्लीदेखत आंधळ्या माणसानं
लांब टांग टाकून नाली ओलांडली,
आणि त्यांचा आवाज आला,
"सयत्राबाई, हाये का वं घरी?"

"हाव बापा. कुठी जातो मी."

गल्लीत तवे तापत होते.
एकीची भाकर करपली, वास आला,
बोललं कोणी नाही.
कवडूची बिडी विझली होती,
तो तशीच ओढत राहिला.

सांजेला त्या नालीवर एक फळी पडली.
ही कोणाची ते मला माहीत आहे,
सांगणार नाही.

आणि दुसऱ्या सकाळी काठी वाजली तशी
बेबीनंदानं चुलीपासूनच हाक दिली,
"डावीकून, उरकुडाजी, बकरी हाये."

बकरी नव्हती.
उरकुडाजी डावीकून गेले.